उतारावर गाडी उभी करताना

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



आज बोलायचं आहे ते बी-बियाण्याबद्दल किंवा खताबद्दल नाही. पण बी, खत आणि माल ज्या गाडीतून येतो-जातो, त्या गाडीबद्दल आहे.

आपल्या लोटे परिसरात सपाट जागा अशी किती? खेडकडून यायचं तर भोस्ते घाट चढावा लागतो, चिपळूणला जायचं तर परशुराम घाट उतरावा लागतो. महामार्ग सोडून वाडीकडे वळलं की रस्ता एकतर वर जातो, नाही तर खाली. आंब्याची कलमं डोंगराच्या अंगावर, भातखाचरं खाली वहाळाच्या बाजूला, आणि घर मध्येच कुठेतरी. त्यामुळे पेट्या भरायच्या असोत की पोती उतरवायची असोत, टेम्पो, पिकअप किंवा ट्रॅक्टर उभा राहतो तो बहुतेक वेळा उतारावरच. चालवताना आपण जपून असतो. उभी केली की मात्र निर्धास्त होतो. आणि गाडी आपणहून चालू लागते ती नेमकी अशाच वेळी. तेव्हा तिच्या वाटेत पेट्या उचलणारी माणसं असतील की खेळणारी पोरं, हे आपल्या हातात राहत नाही.

उतार किती ओढतो, याचा हिशेब पाहा. दहा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढणारा रस्ता घ्या. मालासकट २,५०० किलो वजनाच्या पिकअपला हा उतार सुमारे २५० किलोच्या जोराने सतत खाली ओढत असतो. पाच फुटांत एक फूट असा चढ असेल तर हाच जोर जवळजवळ ५०० किलोवर जातो. म्हणजे पन्नास किलोच्या दहा पोत्यांचा भार! आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. आपण हँडब्रेक ओढतो तेव्हा गाडी रिकामी असते. नंतर माल चढत जातो, ओढ वाढत जाते, पण हँडब्रेक मात्र तेवढाच ओढलेला राहतो. म्हणून सकाळी जागेवर थांबलेली गाडी दुपारी भरल्यावर थांबेलच, असं समजू नये.

आता तुम्ही म्हणाल, हँडब्रेक असतोच की! असतो, पण बहुतेक गाड्यांत तो एका तारेवर चालतो आणि बहुधा मागची दोनच चाकं धरतो. वापराने तार सैल पडते, ब्रेकचे लायनर झिजतात. म्हणून एकट्या हँडब्रेकवर भरवसा ठेवू नये. गाडीला तीन कुलपं लावावीत: हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड. एक सुटलं तरी दुसरं धरतं.

गिअर गाडीला कसा धरतो? बॅटरी उतरली की आपण गाडी गिअरमध्ये टाकून ढकलतो. चाक इंजिनाला फिरवतं आणि गाडी सुरू होते. ढकलताना किती जोर लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तोच जोर इथे आपल्या कामी येतो. बंद इंजिन सहजासहजी फिरत नाही, म्हणून गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचं चाकही सहजासहजी फिरत नाही. मात्र गिअर जड हवा. पहिला आणि रिव्हर्स हे जड गिअर. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ठेवलेली गाडी हळूहळू सरकू शकते.

कोणता गिअर केव्हा, हेही सोपं आहे. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स. म्हणजे गाडी ज्या दिशेला जाऊ पाहते, त्याच्या उलट दिशेचा गिअर. जुन्या डिझेल गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत तर हे फारच महत्त्वाचं. उताराकडे तोंड करून पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली अशी गाडी घसरली, आणि इंजिन बंद करण्याचा दांडा नीट ओढलेला नसला, तर ढकलल्यासारखी ती सुरूच व्हायची!

आता कामाचा क्रम सांगतो. आधी जवळपास सपाट जागा आहे का ते बघावं. असेल तर पन्नास पावलं ओझं वाहिलेलं परवडलं. नसेल तर गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी, दरीच्या कडेला नको. पायब्रेक दाबून ठेवावा आणि गिअर न्यूट्रलला आणावा. हँडब्रेक पूर्ण ओढावा. मग पायब्रेक सावकाश सोडून बाहेरच्या एखाद्या झाडाकडे नजर ठेवावी. गाडी सरकत नसेल तर हँडब्रेक धरतो आहे. सरकली तर लगेच पायब्रेक दाबावा. त्या जागी गाडी ठेवूच नये. हँडब्रेक धरला, की पुन्हा पायब्रेक आणि क्लच दाबून इंजिन बंद करावं, योग्य तो गिअर टाकावा आणि क्लच सोडून मगच पायब्रेक सोडावा. घाईत गिअर अर्धवट पडतो, म्हणून दांडा हलवून खात्री करावी.

पुढची चाकं कुठे वळवायची? आपल्याकडच्या रस्त्याला सोपा नियम असा की चाकं डोंगराकडे वळवून ठेवावीत. तोंड चढाकडे असो वा उताराकडे, गाडी सुटलीच तर दरडीला टेकून थांबेल, दरीकडे जाणार नाही. शहरात पदपथाचा उंच काठ असेल आणि तोंड चढाकडे असेल, तर मात्र चाकं काठापासून बाहेर, रस्त्याकडे वळवावीत. मागे सरकताना पुढच्या चाकाची मागची बाजू काठाला अडते.

तिसरं कुलूप दगडाचं. बैलगाडी चढावर थांबवली की गाडीवान आधी चाकामागे दगड सरकवायचा. तीच रीत आजही खरी. वहाळातला गोल गोटा मात्र घेऊ नये, तो चाकाबरोबर गडगडतो. जांभ्या चिऱ्याचा तुकडा किंवा तिरकस कापलेला लाकडी ठोकळा चांगला, कारण तो जमिनीला धरून राहतो. असे दोन ठोकळे गाडीतच ठेवावेत. उताराच्या बाजूने दोन्ही मागच्या चाकांना ते घट्ट टेकवावेत. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, मुरूम सुटा होतो. तिथे चाक न फिरताही सगळी गाडी घसरू शकते. अशा जागी तीन कुलपंही पुरत नाहीत, जागाच बदलावी.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी चार गोष्टी वेगळ्या. दोन्ही ब्रेकचे पेडल पट्टीने एकत्र जोडलेले असावेत, मगच पार्किंग ब्रेक लावावा. हाय-लोचा दांडा न्यूट्रलला राहिला तर पहिला गिअर टाकूनही उपयोग नाही. तो लो मध्ये असावा. मागे नांगर किंवा इतर अवजार असेल तर ते जमिनीवर टेकवावं. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणून तिच्या चाकांना वेगळे दगड लावावेत आणि ते लावल्याशिवाय ट्रॉली कधीही सोडू नये.

गाडी निघताना अपघात होतात ते दोन चुकांनी. पहिली म्हणजे गाडी गिअरमध्ये आहे हे विसरून किल्ली फिरवणं. गाडी एकदम उडी मारते. म्हणून आधी क्लच आणि पायब्रेक दाबावा, मग किल्ली. दुसरी चूक, दगड काढायला माणूस चाकामागे वाकतो. त्याने बाजूला उभं राहावं. चालकाने गाडी चढाच्या दिशेला थोडी घेऊन पायब्रेकवर धरावी, म्हणजे दगडावरचा भार सुटेल, आणि मग तो बाजूनेच ओढून घ्यावा. आणि बरं का, काढलेला दगड रस्त्यात टाकून जाऊ नका. अंधारात एखादा मोटारसायकलवाला त्यावर आपटतो.

माल चढवताना गाडीच्या उताराकडच्या बाजूला कोणी बसू नये. गाडीखाली सावलीला झोपू नये. किल्ली काढून घ्यावी आणि पोरांना केबिनमध्ये खेळू देऊ नये, कारण त्यांच्या हाताला पहिला लागतो तो हँडब्रेक.

एवढं करूनही गाडी सुटलीच, तर तिच्यापुढे धावू नका, उडी मारून आत शिरायचा प्रयत्न करू नका. मोठ्याने ओरडून खालच्या माणसांना बाजूला काढा. गाडी दुरुस्त होते, माणूस होत नाही.

हे काही नुसतं सांगणं नाही, कायदाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं की चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून, ब्रेक लावून किंवा अन्य उपाय करून, गाडी चुकून चालू लागणार नाही अशी व्यवस्था केल्याशिवाय ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही.

थोडक्यात ध्यानात ठेवा:

१. सपाट जागा पहिली पसंत.
२. हँडब्रेक पूर्ण ओढा, धरतो का ते पाहा.
३. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स.
४. पुढची चाकं डोंगराकडे.
५. उताराच्या बाजूने चाकांना चिरा किंवा ठोकळा.
६. माल भरून झाल्यावर तिन्ही कुलपं पुन्हा तपासा.
७. निघताना आधी क्लच-ब्रेक, मग किल्ली. दगड बाजूने काढा आणि बरोबर घ्या.

या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. यंदा पेट्या भरताना घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला हे सांगा, आणि गाडीत दोन ठोकळे आजच ठेवा.