डोक्यावरून गेलेली वीज
शिवसमुद्रमला कावेरीच्या धबधब्यावर १९०२ साली वीज निर्माण होऊ लागली. ती आधी गेली कुठे? सुमारे १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत. एवढ्या लांब पोचली ती दाब चढवल्यामुळे. तेवढीच वीज दहापट दाबाने धाडली, की प्रवाह दहावा हिस्सा होतो आणि तार तापून वाया जाणारी वीज शंभरावा हिस्सा. म्हणून रोहित्रांनी दाब तीस हजार व्होल्टांच्या घरात चढवला आणि खाणीपाशी पुन्हा उतरवला. पण तुम्ही त्या तारेखालच्या गावात राहत असता तर? दाब उतरवणारे रोहित्र गावात नसेल, तर डोक्यावरच्या तारेचा दिव्याला काय उपयोग? बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे १९०५ साली लागले; वाटेवरच्या बहुतेक खेड्यांत पुढे कित्येक वर्षे कंदीलच होते.