रश्मि, किरण आणि कवडसा

पुण्यांतील स्वारगेट हें नांव स्वारांवरून पडलें, असें परंपरा सांगते. शहराच्या या नाक्यावर पूर्वीं घोडेस्वारांची चौकी असे, म्हणून तें स्वारगेट. आज तेथें घोडा नाहीं आणि लगामही नाहीं, एस. टी. चें मोठें स्थानक आहे, आणि २०२४ सालापासून भुयारी मेट्रोही आहे. परंतु स्वाराच्या हातांतील लगामाचा एक जुना संस्कृत शब्द मराठींत अजून नांदत आहे. मात्र अगदीं निराळ्या अर्थानें. तो शब्द म्हणजे रश्मि. रश्मि म्हणजे आधीं दोर, घोड्याचा लगाम, आणि त्यावरून किरण. ज्यांनीं सूर्याला सात घोड्यांचा रथ दिला, त्यांना त्याच्या बिंबापासून निघणाऱ्या तेजोरेखांना लगामाचें नांव देणें अवघड वाटलें नसावें.

किरणांचीं दुसरीं नांवेंही अशींच आहेत. अंशु म्हणजे तंतु, सोमवल्लीचा धागा. मयूख म्हणजे खुंटी. कर आणि गभस्ति म्हणजे हात. पाद म्हणजे पाय. खुद्द किरण हा शब्द ‘विखुरणें’ या अर्थाच्या धातूपासून निघाला असून वेदांत तो धुळीच्या बारीक कणालाही लावलेला आढळतो. प्रकाश मुठींत धरतां येत नाहीं. पण त्याला नांवें मिळालीं तीं बहुधा हाताशीं असलेल्या वस्तूंचीं.

हे झाले पंडितांचे शब्द. मराठी घरानें उजेडाची वांटणी आपल्या सोयीनें केली. ‘ऊन’ हें ‘उष्ण’ या शब्दाचें रूप. म्हणून उन्हांत उजेडाबरोबर ऊबही गृहीत असते. चांदण्यांत ती नसते. कौलांच्या फटींतून जमिनीवर उतरतो तो कवडसा. तिरकी येते ती उन्हाची तिरीप. एका दिशेनें जोरानें पडतो तो झोत. स्वारगेटच्या भुयारी फलाटावर उजेड हवा तितका आहे, पण तेथें उभा राहून ‘काय ऊन पडलें आहे’ असें कोणी म्हणणार नाहीं. न शिकवितांही हा भेद प्रत्येकाला कळतो.

विज्ञानाचे शब्द वापरतांना मात्र हा विवेक सुटतो. १८९५ सालीं राँटगेन यांना जे अज्ञात किरण सांपडले, त्यांना मराठींत क्ष-किरण म्हणतात, कारण बीजगणितांत अज्ञात राशीला क्ष म्हणण्याची रीत आहे. पुढच्याच वर्षीं बेक्वेरेल यांना असें दिसून आलें कीं, युरेनियमचे क्षार आपोआप किरण बाहेर टाकतात. या गुणाला मराठींत किरणोत्सर्ग असें नांव आहे. याहून व्यापक शब्द प्रारण. दिव्याचा उजेड, निखाऱ्याची धग, क्ष-किरण, आणि रेडिओचें भाषण घरोघर पोंचविणाऱ्या लहरी, हीं सर्व प्रारणेंच होत.

हे दोन शब्द एकमेकांच्या जागीं घातले कीं, नसतें भय उत्पन्न होतें. ‘मोबाइलच्या मनोऱ्यांतून किरणोत्सर्ग होतो’ हें वाक्य ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें अणुभट्टीचा अपघात उभा राहतो. वस्तुतः मनोऱ्यांतून रेडिओलहरी निघतात, आणि त्यांच्या एकेका क्वांटमची ऊर्जा दृश्य प्रकाशाहूनही पुष्कळ कमी असते. क्ष-किरणांची गोष्ट निराळी. ते अणूंतील इलेक्ट्रॉन उखडूं शकतात, म्हणून त्यांचा वापर बेतानेंच करावा लागतो. परंतु तेही किरणोत्सर्ग नव्हेत. यंत्र बंद झालें कीं ते थांबतात. खोलींत कांहीं उरत नाहीं, रोग्याच्या अंगांतही नाहीं. तसबीर काढून घरीं आलेल्या आईजवळ मुलाला जाऊं न देणारें घर विज्ञानाला नव्हे, शब्दाला भितें.

लगामाचा शब्द किरणाला लावला गेला, यांत भाषेचें नुकसान झालें नाहीं. कारण कोणत्या ठिकाणीं कोणता अर्थ घ्यावयाचा, हें बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक होतें. प्रारण आणि किरणोत्सर्ग यांविषयीं तितकी जाण अद्याप रुजावयाची आहे. जो मराठी माणूस ऊन, चांदणें आणि कवडसा यांत कधीं घोटाळा करीत नाहीं, त्याला हे दोन शब्द वेगळे ठेवणें कांहीं कठीण नाहीं.