दिल्लीहून सॅन फ्रॅन्सिस्को किती दूर?



दिल्लीच्या विमानतळापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्कोचा विमानतळ किती दूर, हा प्रश्न मीं एके काळीं वर्गांत विचारला होता. भिंतीवरील नकाशावर फूटपट्टी ठेवून इराण, भूमध्य समुद्र, अटलांटिक असा पश्चिमेकडे जाणारा सरळ मार्गही मींच दाखविला. (फूटपट्टीचा दुसरा एक उपयोग आम्ही त्या काळीं करीत असूं, तो आतां न सांगितलेला बरा.) मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, वर उत्तरेकडून गेलें तर जवळ पडेल." मी हंसलों, अर्थातच वर्गही हंसला. परीक्षेंत तिनें तेंच उत्तर लिहिलें. मीं शून्य दिलें.

पुढें कांहीं वर्षांनीं पृथ्वीचा गोल हाताशीं आला, तेव्हां सहज दोन्ही शहरांमध्यें दोरा ताणून पाहिला. दोरा तिबेट व सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर चढला आणि अलास्कावरून खालीं उतरला! सपाट नकाशांत ध्रुवाजवळचा प्रदेश ताणून रुंद केलेला असतो. त्यामुळें तेथली जवळची वाट आपणांस लांबची भासते. हिशेबही सोपा आहे. दोऱ्यानें पृथ्वीच्या मध्याशीं सुमारे १११ अंशांचा कोन होतो, आणि एका अंशास सुमारे १११ किलोमीटर पडतात. म्हणजे अंतर सुमारें १२,४०० किलोमीटर. माझी फूटपट्टीची वाट अठरा हजारांच्याही पुढें जाते.

परंतु विमान दोऱ्याच्याच वाटेनें जातें असें नाहीं. कोठें आकाश बंद असतें, कोठें संकटसमयीं उतरण्यास जागा नसते; आणि मुख्य म्हणजे वारा. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. एअर इंडियाचें विमान पूर्वीं अटलांटिकवरून सुमारें १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्यें तें उलट दिशेनें, पॅसिफिकवरून नेण्यांत आलें. अंतर वाढून सुमारें १५,३०० किलोमीटर झालें, आणि वेळ मात्र घटून साडेचौदा तासांवर आला. भागाकार करून पाहा: ताशीं हजाराहून अधिक किलोमीटर! पाठीशीं वारा होता.

घड्याळाची गंमत निराळीच. उन्हाळ्यांत तेथील घड्याळ आपल्यामागें साडेबारा तास असतें. पहांटे चारला निघालेला प्रवासी साडेचौदा तास बसून त्याच दिवशीं सकाळीं सहाला उतरतो. दोन तासच गेले असें घड्याळ म्हणतें. त्याचे गुडघे तसें म्हणत नसावेत.

त्या प्रश्नपत्रिकेंत मीं वेळ विचारला नव्हता, अंतर विचारलें होतें. ती मुलगी आतां चाळिशीच्या पुढें असेल. ती हें ऐकत असल्यास तिनें आपल्या गुणांत पांच गुण मिळवून घ्यावेत.