घरातली कचेरी आणि लावलेले दार

घरी बसून मजुरी करणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. सोलापुरातल्या विडी कामगार बायका पाने-तंबाखू घरी आणतात, विड्या वळतात आणि मोजून परत देतात. पण पांढरपेशांची कचेरी घरात शिरली ती २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदी लागली तेव्हा.

त्या वेळी मी आतली खोली घेतली. दार लावायचे आणि लॅपटॉपपुढे बसून वर्गाला शिकवायचे. जाण्यायेण्याचा त्रास वाचला. महिन्याभरात मी ज्याला त्याला सांगू लागलो, "घरासारखी कामाची जागा नाही बुवा!" आमच्या सौभाग्यवतींना मात्र ते पटेना. त्याही नोकरी करतात. त्यांची कचेरी स्वयंपाकघरालगतच्या जेवणाच्या टेबलावर. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, मुलाचा अभ्यास आणि अकराचा माझा चहा, सगळे तिथेच. कचेरी पुन्हा उघडली, त्या सकाळी डबा भरताना त्या चक्क गुणगुणत होत्या. खरं सांगतो, मला थोडा रागच आला.

पुढे एका प्रयोगाची हकीकत वाचनात आली. शांघायच्या सीट्रिप या प्रवासव्यवस्था करणाऱ्या कंपनीत २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने तो चालला. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी तो तपासला. टेलिफोनवर काम करणाऱ्यांपैकी जे तयार होते, त्यांच्यातले सम जन्मतारखेचे लोक आठवड्यातून चार दिवस घरून काम करू लागले. विषम तारखेचे कचेरीतच राहिले. घरून करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाणारे सुमारे निम्म्याने घटले.

आता यातली मेख पाहा. प्रयोगात प्रवेश कोणाला? ज्याला घरी कामाच्या वेळी स्वतंत्र खोली मिळेल, त्यालाच! म्हणजे ते यश नुसत्या घराचे नव्हते, लावलेल्या दाराचेही होते. आणि एवढे असूनही, पुढे निवडीची मुभा मिळताच घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे कचेरीत परतले. घरी एकटे वाटते, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

मग माझ्या ध्यानात आले, की मी ज्याला घराचा गुण म्हणत होतो, तो गुण आमच्या घरात एकट्या माझ्याच वाट्याला आला होता. त्याची किंमत बाहेरच्या टेबलावर दुसरेच कोणी मोजीत होते.

आता आठवड्यातले दोन दिवस सौभाग्यवती घरून काम करतात. त्या दोन दिवशी खोली त्यांची. मी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासतो. दहा पेपरांत चारदा उठतो. चहाही मीच करतो.

तुमच्या घरातही कोणी असे काम करीत असेल. खोल्या वाढविणे आपल्या हाती नसते. पण पाळी लावता येते, वेळ ठरविता येते. तेव्हा एवढेच करा. घरातले दार कोणाला लावून घेता येते आणि कोणाला नाही, हे एकदा बघा.