चिखलाची ओळख
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे विषय तुम्हाला पाठ आहेत. घरांचा प्रश्न, गिरणीचा प्रश्न, रेशनचा प्रश्न. आज त्यातले काही नाही. आज मी शिवडीच्या खाडीवर बोलणार आहे. मागच्या रांगेतल्यांनी हसू नये, त्यांच्याकडे नंतर येतो.

१९९० साली मी गिरणीत बदली म्हणून लागलो. माझ्या खोलीपासून शिवडी बंदर पायी अर्ध्या तासावर. पण तीस वर्षांत मी तिथे फार तर चारदा गेलो असेन. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली ती थांबलीच. घरात बसवेना. पाय खाडीकडे वळू लागले. एकदा नात बरोबर होती. तिने विचारले, "आजोबा, चिखलातून हे पेन्सिलीसारखं काय वर आलंय?" मी म्हणालो, "असेल काहीतरी झाड." साच्याचा एकेक भाग मी झोपेतसुद्धा सांगेन. धोटा, फणी, काय हवे ते विचारा. आणि घराजवळच्या झाडाचे नाव येईना. लाज वाटली.

तिथे एक कोळीण मावशी कालवे फोडत बसली होती. तीच म्हणाली, "तिवराची मुळं ती. चिखलात हवा नाही ना, म्हणून नाक वर काढून बसलीत." मग म्हणाली, "जीभ लाव बघू पानाला." लावली. खारट! झाड खारे पाणी पिते आणि जास्तीचे मीठ पानावाटे बाहेर टाकते. नात हसून हसून लोळली. त्या दिवसापासून मी मावशीचा विद्यार्थी झालो.

पहिला धडा भरती-ओहोटीचा. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, त्याला उधाण म्हणतात. पुढे रोज ती पाऊण-एक तास उशिरा येते. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, आणि पाणीही कमी चढते. त्याला भांग म्हणतात. आपण तिथी उपासासाठी मोजत नाही, पण खाडीसाठी मोजायला हरकत नाही.

आता ऋतू. थंडी लागली की कुरव येतात. पांढरे-राखाडी पक्षी, बंदरावर कलकलाट करतात. थेट लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून येतात म्हणे, आणि आमचे लोक त्यांना गाठ्या टाकतात. टाकू नका. चिखलावर तुरुतुरु पळणारे तुतवार आणि चिखल्या, लांब लाल पायांचा शेकाट्या. नोव्हेंबर-डिसेंबरपासून रोहित. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. बरेचसे गुजरातच्या कच्छच्या रणाकडून येतात. चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात. ते शेवाळ खातात, त्यातला रंग पिसांत उतरतो, म्हणून गुलाबी. पिल्लू राखाडी असते. मी आधी त्याला आजारी समजत होतो. ओहोटीत ते लांब जातात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना आपल्याकडे ढकलते, तेव्हा जाऊन उभे राहावे.

एक लाल-तपकिरी घार दिसते, डोके पांढरे. तिला ब्राह्मणी घार म्हणतात. पक्ष्यांनाही सोडले नाही आपल्या लोकांनी!

उन्हाळ्यात तिवराला बारीक पिवळी फुले येतात, मधमाश्या घोंघावतात. नेहमी मळकट दिसणारी ढोकरी याच सुमाराला रंग बदलते, पाठ गडद तांबूस होते. पावसाच्या तोंडावर रोहित निघून जातात. मग खाडी ओस पडली असे वाटते, पण तसे नाही. पावसात तिवराचे बी पडते. ते झाडावरच आतल्या आत रुजायला लागलेले असते, पाण्यावर तरंगत जाते, जागा मिळेल तिथे उभे राहते. निवटी चिखलावर उड्या मारतात, मासा असून. भगवंतांनी भिक्खूंना वर्षावास सांगितला, त्याचे एक कारण कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली जाऊ नयेत, हे आहे. दरवर्षी आपण ते ऐकतो. कुठला जीव, हे मला खाडीवर दिसले. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेला, अंगठ्याएवढा खेकडा.

आता मागच्या रांगेकडे येतो. पंधरा वर्षांपूर्वी आपण घरांसाठी सभा घेतली होती. त्या सभेत मी भाषण केले. म्हणालो, "तो चिखल नुसता पडून आहे, भर घाला आणि आम्हाला घरे द्या." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आज मला आठवतात. कारण आमच्या गिरण्यांच्या जागेबद्दलही हेच म्हणत होते, नुसती पडून आहे. तिथे टॉवर झाले. आम्हाला किती घरे मिळाली ते तुम्ही जाणता. ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही ते आपल्यालाही पडीकच वाटते, ही माझी चूक मी इथे माईकवर कबूल करतो. घराची मागणी मी सोडलेली नाही. फक्त त्या चिखलावर नको.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला जायला जागा नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात तिवरे तोडायला बंदी घातली. २०१८ साली त्याच न्यायालयाने सांगितले, तिवरांचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग. कलम २१. ते कलम कोणाच्या संविधानातले, हे या विहारात सांगायला नको. म्हणून डेब्रिजची गाडी खाडीवर रिकामी होताना दिसली तर नंबर लिहून घ्या आणि माझ्याकडे आणा. अर्ज मी लिहीन. आयुष्यभर तेच केले.

येत्या अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विहाराच्या दारात जमायचे आहे. भरती सातच्या सुमारास, म्हणजे आपण पोहोचू तेव्हा पाणी चढलेले असेल आणि पक्षी जवळ असतील. मुलांना आणा. लहान वही आणा, मुलांनी नावे लिहायची, मोठ्यांनी विचारायची. मावशीला मी सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, "या, पण माझी कालवं तुडवू नका." चपला जुन्या घाला. चिखलात एक तरी जातेच.