झाडाभोवतीची एक मीटर माती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी गतकालाचा गौरव करण्याचा प्रघात आहे. परंतु आज आम्ही आपले लक्ष ह्याच प्रांगणातील कडुनिंबाकडे वेधू इच्छितो. ट्रस्टच्या कित्येक सभा त्याच्या सावलीत झाल्या. आम्हां शिक्षकांचे उन्हाळी वर्गही तेथेच भरत. आता त्याच्या वरच्या फांद्या वाळू लागल्या आहेत, आणि झाड तोडून तेथवर सभागृह वाढवावे, अशी सूचना आली आहे.

कायद्याने हे काम वाटते तितके सोपे नाही. नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या रक्षणासाठी मध्य प्रदेशात २००१ साली अधिनियम झाला. झाड स्वतःच्या आवारातले असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही. अर्ज करून कारण द्यावे लागते, आणि तोडलेल्या झाडाच्या बदली नवी झाडे लावावी लागतात. शेजारच्या महाराष्ट्रात १९७५ पासून असाच कायदा आहे. तेथे पालिकेने वृक्ष प्राधिकरण नेमावे व पाच वर्षांतून एकदा झाडांची गणना करावी, असे बंधन आहे. हे योग्यच होय. ज्याची नोंदच नाही, ते नाहीसे झाले तर कोणाच्या ध्यानात येणार?

तथापि कायदा कुऱ्हाडीला जितका अडवतो, तितका फरशीला अडवू शकत नाही. मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. बुंध्याशी सिमेंट ओतले की दोन्ही तुटतात. झाड त्याच दिवशी मरत नाही, म्हणून दोष कोणावरच येत नाही. दिल्लीतील झाडांविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली आदेश दिला, की बुंध्याभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करावी आणि झाडांना लावलेल्या पाट्या काढाव्यात.

बुऱ्हाणपूरकरांना हे दिल्लीने शिकवावे, ह्याची लाज वाटते. अब्दुर्रहीम खानखानान ह्यांच्या काळात, १६१५ साली, येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या बाजूने जमिनीत मुरलेले पाणी भुयारांतून नगरापर्यंत आणण्याची ती योजना. पाणी मुरायला माती मोकळी हवी, हे ज्या नगराने चारशे वर्षांपूर्वी ओळखले, त्याच नगरात पावसाळ्यात चिखल होतो म्हणून आपण ह्या निंबाच्या बुंध्यापर्यंत फरशी घातली. त्या ठरावाच्या वेळी आमचाही हात वर होता. म्हणून दोष देताना आम्ही स्वतःला वगळत नाही.

आमची विनंती एवढीच. बुंध्याभोवतीची फरशी ह्याच आठवड्यात उखडावी. खिळ्यांनी ठोकलेला आपला फलक काढावा. जाणकाराकडून झाड तपासून घ्यावे, आणि दोन पावसाळे वाट पाहावी. एवढे करूनही ते वाचले नाही, तर रीतसर अर्ज करू. आवारातील प्रत्येक झाडाची नोंद ट्रस्टच्या दप्तरातही ठेवावी.

झाड लावणे हा सदका आहे, असे आपण मुलांना शिकवतो. लावलेले जगवणे त्याहून कमी पुण्याचे नसावे. सभागृह दुसऱ्या बाजूनेही वाढवता येईल. ही सावली मात्र पैसे देऊन पुन्हा उभी करता येणार नाही.