अरुंधतीला निरोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. यंदा प्रत्येकीने आपल्या आवडीच्या विषयावर चार शब्द बोलावेत असे ठरले, तेव्हा मी एका मालिकेचे नाव दिले. काहीजणी हसल्या. हसा, पण ऐकून घ्या.

'आई कुठे काय करते' ही मालिका स्टार प्रवाह वाहिनीवर २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. जवळजवळ पाच वर्षे झाली. एवढ्या काळात रांगते मूल शाळेत जाऊ लागते. मूळ गोष्ट 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची. पण मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधती अशी उभी केली की ती आपल्याच आळीतली वाटावी. पंचवीस वर्षे संसारात राबलेल्या या बाईला नवऱ्याचे मन दुसरीकडे गुंतल्याचे कळते. पुढे ती घटस्फोट घेते, मागे पडलेले गाणे हाती घेते आणि आशुतोषशी दुसरे लग्न करते.

आमच्या घरी सासूबाई आणि मी रोज संध्याकाळी साडेसातला मालिका पाहायला बसत असू. खरे सांगते, त्याआधी आमचे बोलणे कामापुरतेच होते. "डाळ भिजत घातलीस का?" "हो, आई." झाले. भांडण नव्हते, पण गोडीही नव्हती. २०२० सालच्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबले आणि नवे भाग बंद पडले. तेव्हा भाजी निवडता निवडता अरुंधती आता काय करील, याच्या गप्पा आम्ही मारू लागलो.

अरुंधतीने घटस्फोट घेतला तेव्हा सासूबाई रागावल्या. "बाईनं घर मोडलं," म्हणाल्या. मी म्हटले, "आई, मोडलं ते नवऱ्यानं. तिनं मोडलेलं दाखवलं, इतकंच." दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी साडेसातला त्यांनीच हाक मारली, "ये गं, सुरू झालं."

२०२४ च्या मार्चमध्ये मालिका दुपारी अडीचला गेली. त्या वेळी घरात आम्ही दोघीच. एके दिवशी सासूबाई पडद्याकडे पाहतच म्हणाल्या, "हिचं गाणं इतकी वर्षं राहिलं. तुझा शिवणाचा क्लास मी राहू दिला नाही."

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मला त्या क्लासला जायचे होते आणि त्यांनी नको म्हटले होते. वीस वर्षे त्याचा उच्चार झाला नव्हता. मला वाटे, त्या विसरल्या असतील. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उठून चहाचे आधण ठेवले.

मालिकेत दोष नव्हते असे नाही. गोष्ट फार ताणली. एक संकट सरते न सरते तोच दुसरे येई. आशुतोषला मारले ते तर आम्हां दोघींनाही मुळीच रुचले नाही. तरी शेवटच्या दिवशी घरातले माणूस परगावी निघाल्यासारखे वाटले.

पुढच्या सोमवारी आम्ही सवयीने अडीचला बसलो. सासूबाईंनी लगेच टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "आता कुणाबद्दल बोलायचं गं?"

भगिनींनो, अरुंधतीच्या आडून आम्ही जे बोललो, ते समोरासमोर बोलण्याचे धैर्य आम्हाला नव्हते. आता मध्ये आडोसा राहिला नाही. म्हणून मी त्यांना विचारले, "आई, लहानपणी तुम्हाला काय व्हावंसं वाटत होतं?" त्यांनी सांगितले. काय, ते आमच्या दोघींतच राहू द्या.

मी आता शेजारच्या बाईंकडे शिवण शिकते आहे. पहिले पोलके सासूबाईंच्याच मापाचे बेतले. एक बाही जरा तोकडी झाली, तरी त्या आज तेच घालून समोर बसल्या आहेत.

मालिका येतील आणि जातील. पाहताना शेजारी कोण बसले आहे, तिकडेही थोडे लक्ष असू द्यावे, एवढेच माझे सांगणे.